वणव्याचा जमाखर्च

होळी पेटण्यापूर्वीच साक्री तालुक्याच्या पश्चिम अंगाचे डोंगर पेटू लागतात. पिंपळनेरपासून कोंडाईबारीपर्यंतच्या रांगांवर फेब्रुवारीच्या अखेरीस सागाची पाने झडून जमिनीवर साचतात, गवत वाळून पिवळे पडते, आणि मग एखाद्या रात्री डोंगराच्या अंगावरून तांबूस रेघ सरकताना दिसते. दिवसा तीच रेघ करड्या धुराची होते. सकाळी ओट्यावर, वाळत घातलेल्या धुण्यावर, झाकण न ठेवलेल्या हंड्यातील पाण्यावर राखेच्या हलक्या काळ्या पापड्या आढळतात. रात्री थंड होऊन जड झालेली हवा खोऱ्यांत बसते आणि तिच्याबरोबर धूरही बसतो. त्यामुळे तो पहाटे सर्वांत दाट असतो. नेमकी हीच वेळ मोहफुले वेचायला जाण्याची, पाणी भरण्याची आणि मुलांच्या सकाळच्या शाळेची असते.

जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा ती जगभर बातमी झाली. साक्रीच्या डोंगरांतील धुराची बातमी होत नाही, याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. जे मोजले जात नाही त्याची बातमी होणे कठीणच असते. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात खानदेशातून जळगावचा समावेश झाला. परंतु तो कार्यक्रम मुळात शहरांचा आहे. अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२१ मध्ये १५ वर आणली. हे आकडे शहरातील यंत्राशेजारी अर्थपूर्ण ठरतात. डोंगरातल्या पाड्यावरची हवा मात्र शुद्धच असणार, असे आपण शहरात बसून गृहीत धरलेले असते. त्या पाड्यावरची जी स्त्री पहाटे वणव्याच्या धुरात मोह वेचते, तीच घरी परतून चुलीच्या धुरात भाकरी भाजते. तिच्या खोकल्याचे कारण कोणत्या धुराच्या खाती लिहावे, हे ठरविणे मोठ्या डॉक्टरासही अवघड जाईल.

वणवे लागतात कसे? दोन सुक्या फांद्या घासून आग लागते हे पाठ्यपुस्तकी उत्तर या प्रदेशापुरते तरी सोडून दिलेले बरे. आपल्याकडील बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. तेवढ्यावरून 'अडाणी लोक जंगल जाळतात' असा निष्कर्ष काढणे ही मात्र सुशिक्षितांची सोयीस्कर समजूत आहे. मोहाचेच पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फिकट पिवळसर, मांसल फुले रात्रभर आणि पहाटे गळतात. खाली पाचोळ्याचा जाड थर असला तर ती दिसत नाहीत, हाती लागत नाहीत. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ करायची तर प्रत्येक झाडामागे बराच वेळ मोडतो, आणि ज्या कुटुंबाच्या हाती वीसपंचवीस दिवसांचाच हंगाम आहे त्याला वेळ हीच एकमेव पुंजी असते. काडेपेटीतील एका काडीने ते काम क्षणात होते. खरिपाचे धान्य संपत आलेले, रोजगार नाही, निम्मा गाव गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, अशा दिवसांत मोहाची टोपली हे रोख पैशाचे साधन असते. ज्या माणसाचा हिशेब असा आहे त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता अगदी बरोबर आहे.

चूक आहे ती हिशेबाच्या वहीत. पाचोळा जाळण्याचा लाभ एका घराला मिळतो. वारा सुटला आणि आग झाडाखालून निसटली की तोटा साऱ्या खोऱ्यावर पसरतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण देऊन वर्गात तो शिकविला जातो, पण वणव्याइतके चपखल उदाहरण दुसरे सापडणार नाही. गवताची गोष्टही अशीच आहे. जुने गवत जाळले की पावसात नवा कोवळा फुटवा लवकर येतो, हा गुराख्याचा अनुभव खोटा नाही. परंतु वर्षानुवर्षे जळणाऱ्या उतारावर आगीला दाद न देणारे कुसळी गवत माजते, आणि कुसळे धरल्यावर गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. जाड सालीचे जुने झाड आगीतून वाचते, त्याची रोपे वाचत नाहीत. उघड्या पडलेल्या जमिनीवरून पहिल्याच पावसात राख आणि माती पांझरेकडे वाहून जाते, मुरायचे पाणी मुरत नाही, आणि पुढल्या उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा तिचा संबंध मागच्या वणव्याशी कोणी जोडीत नाही.

यावर राज्यसंस्थेचे उत्तर दीडशे वर्षे एकच राहिले आहे: मनाई आणि शिक्षा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरविला. त्याच अधिनियमाचे ७९ वे कलम मात्र फारसे कोणी वाचीत नाही. जंगलात ज्यांना काही हक्क वा परवानगी आहे, त्यांनी आगीची वर्दी द्यावी आणि ती विझविण्यास अधिकाऱ्यांना साहाय्य करावे, असे बंधन ते घालते. म्हणजे हिरव्या फांद्या घेऊन रात्रभर आग झोडपण्याचे काम कायद्याने गावावर टाकले, पण वाचलेल्या जंगलात गावाचा वाटा किती, हे सांगितले नाही. आता उपग्रह आले आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था पेटलेल्या ठिकाणाची सूचना मोबाइलवर पाठविते, आणि देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र वारंवार आग लागण्याजोगे आहे असे तिनेच नोंदले आहे. उपग्रह आग दाखवितो. डोंगर चढून ती विझविण्यास अखेर माणूसच लागतो.

तो माणूस कशाने चढतो, याचे उत्तर साक्री तालुक्यातच आहे. पिंपळनेरजवळच्या बारीपाड्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी डोंगर उजाड होते, विहिरींना पाणी नव्हते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःच कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्यास दंड ठेवला, राखण बसविली. आज तेथे सुमारे ११०० एकर जंगल उभे आहे आणि २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. सत्काराच्या भाषणांत या कामातील त्यागावर भर दिला जातो. वस्तुतः त्यात रोकडा व्यवहारही आहे. विहिरीला पाणी आले, भात पिकू लागला, रानभाज्यांची दरवर्षी स्पर्धा भरू लागली. जंगलाचा लाभ गावाच्या घरात आला. जंगल जळाले तर आपले काय जळते, हे त्या गावाला आकडेमोड न करता कळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला, तो याच कारणासाठी मोलाचा आहे. तथापि हक्काचा कागद हाती येणे आणि राखणीची मजुरी हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वणव्याचा सरकारी हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. सरकारी आर्थिक वर्ष ३१ मार्चला, म्हणजे आग ऐन भरात असताना, संपते. एका वर्षाची तरतूद संपलेली आणि दुसऱ्या वर्षाची अद्याप खाली उतरायची, अशा संधिकाळात मोह गळत असतो. जाळरेषा फेब्रुवारीपूर्वी काढून व्हाव्यात, मोहाखालचा पाचोळा गोळा करण्याची मजुरी जानेवारीतच ग्रामसभेच्या हाती पडावी, झाडाखाली पसरायला जाळी वा जुनी लुगडी मिळावीत, एवढ्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. रोजगार हमी ही या महाराष्ट्राचीच योजना. झाडाखालची जमीन झाडण्याला ती काम मानील की नाही, एवढाच प्रश्न आहे.