कुंडी आजच्या मुळांच्या मापाची

काळ्या पिशवीतलं वीतभर मोगऱ्याचं रोप रोपवाटिकेतून आणायचं आणि ‘पुढे मोठं होणारच आहे’ म्हणून थेट १२ इंची कुंडीत लावायचं, हे शहरांतल्या गॅलऱ्यांत सर्रास चालतं. रोपाला मात्र ते मानवत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पाणी घातलं की मातीतल्या पोकळ्या भरतात; मुळं ते शोषून घेतात तशी हवा परत आत शिरते. मोठ्या कुंडीत लहान रोपाची मुळं जेमतेम मधल्या मातीत असतात, भोवतालचं पाणी शोषायला कोणीच नसतं. वरचा थर उन्हावाऱ्याने सुकतो, तो पाहून आपण पुन्हा पाणी घालतो आणि तळाची माती ओलीगच्च राहते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर ती वाळायचं नावच घेत नाही. मुळं गुदमरतात, बुरशी धरते, मूळकूज होते. पानं माना टाकतात, आणि ती तहान समजून आणखी पाणी दिलं जातं. इंचांच्या मापात हा धोका नीट दिसत नाही. रुंदीबरोबर उंचीही तेवढीच वाढली, तर ८ इंचांवरून १० इंचांवर जाताना माती जवळजवळ दुप्पट होते; ६ वरून १२ वर गेलं की आठपट.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पुर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कुंडीचं आकारमान दुप्पट केल्यावर झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. मग मोठीच कुंडी का नको? हा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. लहान कुंडीत वर्षानुवर्षं अडकलेल्या, मुळांचे वेढेच वेढे झालेल्या जास्वंदीवर आपण अन्यायच करतो. पण जास्त मातीचा लाभ मुळं तिथवर पोचल्यावरच मिळतो. टोमॅटो-वांग्याची मुळं काही आठवड्यांतच कुंडी व्यापतात, म्हणून त्यांना सुरुवातीपासून १२ इंची द्यावी. कोरफड किंवा स्नेक प्लांट सावकाश वाढतात, त्यांना ती घातक ठरते. वारंवार कुंडी बदलल्याने रोप दुखावतं, हेही म्हटलं जातं. मातीचा गोळा न फोडता अलगद सरकवला तर ते सहज सावरतं.

तळाशी खड्यांचा थर दिला की मोठी कुंडी चालते, हा समज मात्र सोडायला हवा. वरची बारीक माती पुरती भिजल्याशिवाय पाणी जाड खड्यांत उतरतच नाही, त्यामुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. कुंडी विकत घेण्याआधी रोप पिशवीतून काढून मुळांचा गोळा पाहा, त्याहून दोन इंच रुंद आणि तळाला भोकं असलेली कुंडी निवडा. मुळं भोकांतून डोकावू लागली की पुढचं माप घ्या.