साडेचार गिरक्या

छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे फेऱ्या मारतो. चार गिरक्यांची उडी घेणारा फिगर स्केटर हवेत पाऊण सेकंदही नसतो, पण तेवढ्या वेळात तो जवळपास त्याच वेगाने फिरतो. मग उतरायचं एका पायावर, मागे सरकत, जेमतेम चार मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर.

या कसरतीतून जपानमधल्या सेंदाईच्या युझुरु हान्यूने जे आकडे काढले, ते पाहून डोकं गरगरतं. नोव्हेंबर २०१५ पर्यंत विश्वविक्रम होता कॅनडाच्या पॅट्रिक चॅनचा, २९५.२७ गुणांचा. नागानोत हान्यूने केले ३२२.४०. एका झेपेत २७ गुण! दोनच आठवड्यांनी बार्सिलोनात ३३०.४३. परीक्षकांनी हात सैल सोडला होता म्हणावं, तर दुसरा आलेला स्पेनचा हावियेर फर्नांडेझ तेव्हाचा जगज्जेता, शिवाय मैदान त्याच्या घरचं. त्याला मिळाले २९२.९५.

असे १९ विश्वविक्रम. त्यातले कित्येक त्याने स्वतःचेच मोडलेले. २०१८ मध्ये गुणपद्धत बदलली, पाटी कोरी झाली. तिच्यावरही पुन्हा याचंच नाव.

हा मुलगा सोळा वर्षांचा असताना, ११ मार्च २०११ ला, सेंदाईच्या रिंकमध्ये सराव करत होता. भूकंप झाला तेव्हा पायातले स्केट्स न काढताच तो बाहेर पळाला. रिंक बंद पडली, म्हणून त्याने त्या काळात साठेक आइस शोंमधून सराव चालू ठेवला. तीन वर्षांनी सोचीत ऑलिंपिक सुवर्ण. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीतून थेट प्याँगचांगला उतरून पुन्हा सुवर्ण. पुरुषांत लागोपाठ दोन सुवर्णं याआधी डिक बटनची, तेव्हापासून ६६ वर्षं मागची. सेंदाईत मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्यावर लाखाहून अधिक माणसं होती.

मला मात्र यातला सर्वांत मोठा आकडा वाटतो तो अर्धा. अॅक्सेल ही उडी पुढे तोंड करून मारतात, म्हणून तिला अर्धी गिरकी जास्त लागते. चौपट अॅक्सेल म्हणजे साडेचार गिरक्या, हवेतला वेळ मात्र तेवढाच. दोन सुवर्णं खिशात असताना हान्यू या अर्ध्या गिरकीमागे लागला. २०२२ मध्ये बीजिंगला त्याने ती उडी घेतली, गिरकी थोडी कमी पडली, तो पडला आणि चौथा आला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या सतरा वर्षांच्या इलिया मलिनिनने ती पूर्ण केली. तोवर हान्यू स्पर्धेतून बाहेर पडला होता. पुढच्या फेब्रुवारीत टोकियो डोमच्या बेसबॉल मैदानावर बर्फ पसरून तो एकटा नाचला, ३५ हजार प्रेक्षकांसमोर.