रंगाच्या मापालाही पडताळणी हवी

मुंबईतल्या हिंदमाताच्या कापडबाजारात साडी घेतली म्हणजे खरेदी संपली असे होत नाही. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल हे सगळे त्या साडीला मॅचिंग मिळवायचे असते, आणि ते मिळवताना माणसे एक गोष्ट हमखास करतात: कापड हातात घेऊन दुकानाच्या दाराशी येतात आणि ते उजेडात धरून बघतात. आतल्या एलईडीखाली साडीत मिसळून गेलेला डाळिंबी ब्लाउज पीस बाहेरच्या उन्हात तपकिरीकडे झुकलेला दिसू शकतो. जाणता दुकानदारही गिऱ्हाइकाला दाराशी जायला अडवत नाही, कारण दोष नजरेचा नाही हे त्याला ठाऊक असते. आता त्याच दुकानातल्या मीटरपट्टीकडे बघा. तिच्यावर सरकारी मुद्रा असते, ठरावीक मुदतीने तिची पडताळणी होते आणि मापात खोट निघाली तर दुकानदाराला दंड होतो. लांबीसाठी आपण इतकी काळजी घेतो. रंगाचे काम मात्र दाराशी पडलेल्या उजेडावर सोपवलेले असते. आज मुठीत मावणारा, ऑप्टिकल फायबर जोडलेला स्पेक्ट्रोमीटर रंगाचे माप आकड्यांत देऊ शकतो. मात्र हे यंत्र नुसते विकत आणून भागणार नाही. त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे पक्क्या प्रमाणाशी घातलेला ताळा, नसेल तर त्याचे आकडे नजरेच्या अंदाजापेक्षाही जास्त फसवे ठरतात.

आधी हे बघू की, एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात फटकून का वागतात. कापडावरून परतणाऱ्या प्रकाशात साधारण 380 ते 750 नॅनोमीटरपर्यंतच्या सगळ्या तरंगलांबी कमीअधिक प्रमाणात असतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या, त्यामुळे तो सगळा पसारा मेंदूपर्यंत तीन संकेतांत आवळून पोहोचतो. दोन निरनिराळे पसारे आवळल्यावर सारखेच संकेत देऊ शकतात, आणि मग ते दोन रंग आपल्याला एकच वाटतात. रेशमाची साडी बहुधा ॲसिड डायने रंगवलेली असते, सुती ब्लाउज पीस रिॲक्टिव्ह डायने आणि पॉलिस्टरचे अस्तर डिस्पर्स डायने. तिघांची रसायने वेगळी, म्हणून परतणाऱ्या प्रकाशाचे आलेखही वेगळे. बहुतेक पांढऱ्या एलईडीचा प्रकाश 450 नॅनोमीटरच्या आसपास एकदम उसळतो, 480 च्या जवळ खाली बसतो आणि पुढे पिवळ्या भागात पुन्हा फुगतो. सूर्यप्रकाशात असा खड्डा नसतो. दिवा बदलला की जुळलेले संकेत सुटतात ते यामुळे. स्पेक्ट्रोमीटर हा पसारा आवळत नाही. तो प्रत्येक तरंगलांबीला किती टक्के प्रकाश परतला याचा पूर्ण आलेख देतो, आणि त्यावरून ठरवलेल्या कोणत्याही प्रकाशात दोन कापडे जुळतील की नाही हे गणिताने काढता येते.

हिंदमाताच्या परिसराला हा विषय परका नाही. नौरोजी वाडियांनी 1879 साली सूत रंगवण्यापासून बॉम्बे डाईंगची सुरुवात केली. त्यांच्या कंपनीची स्प्रिंग मिल हिंदमाताजवळच्याच नायगावात होती. माटुंग्याची आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांची यूडीसीटी, मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून 1933 साली सुरू झाली तेव्हा केमिकल इंजिनिअरिंगच्या जोडीला पहिला विषय होता वस्त्ररसायन. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे रसायनतज्ज्ञ होते, आणि कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ जगभर वापरला गेला. त्या काळी वर्णपट मोजायचा म्हणजे प्रयोगशाळेतले मोठे टेबल अडवणारे यंत्र लागे. पुढे अमेरिकेतल्या फ्लोरिडात समुद्राच्या पाण्याचा सामू मोजण्यासाठी तरंगत्या बोयावर मावेल एवढ्या स्पेक्ट्रोमीटरची गरज पडली. त्या खटाटोपातून 1992 साली ऑप्टिकल फायबरवर चालणारे छोटे यंत्र बाजारात आले. गिरणगावातल्या गिरण्या गेल्या, पण कापडाचा व्यापार हिंदमाताला टिकून आहे, आणि रंग मोजण्याचे साधन आता त्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर ठेवता येईल इतके लहान झाले आहे.

यंत्राची आतली रचना समजायला सोपी आहे. फायबरमधून आलेला प्रकाश एका अरुंद फटीतून आत शिरतो. आरशावरून तो ग्रेटिंगवर पडतो. ग्रेटिंग म्हणजे एका मिलिमीटरात शेकडो समांतर रेघा असलेला तुकडा. तिथे प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या दिशांना पांगतात आणि दुसरा आरसा त्यांना एका ओळीत बसवलेल्या, पुष्कळदा 2048, प्रकाशसंवेदी ठिपक्यांवर पसरतो. प्रत्येक ठिपका एक आकडा देतो. मांडणीत खरी काळजी लागते ती या पेटीच्या बाहेर. कापडावर प्रकाश टाकणारा हॅलोजन दिवा लावल्या लावल्या स्थिर होत नाही. त्याला निदान 15 ते 30 मिनिटे तापू द्यावे लागते. परावर्तन मोजणारा प्रोब कापडापासून ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या कोनात पक्का धरणारा होल्डर हवाच, कारण अंतर थोडेही हलले की आकडे हलतात. फायबर एकदा बसवला की मोजणी संपेपर्यंत वाकवायचा नाही, कारण वाकण्याबरोबर त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण बदलते. त्याच्या टोकाला बोट लागू द्यायचे नाही, आणि काम नसताना टोपण घालून ठेवायचे. मुंबईच्या पावसाळ्यात भिंगा-आरशांवर बुरशी धरते, म्हणून यंत्राजवळ सिलिका जेल असावे, आणि यंत्र उंचावर ठेवावे. हिंदमाताच्या सखल भागात पाणी भरते हे इथल्या कुणाला सांगायला नको.

यानंतर येतात दोन पायऱ्या, आणि घाईच्या कामात नेमक्या त्याच गाळल्या जातात. प्रकाश अजिबात नसतानाही प्रत्येक ठिपका काही आकडा दाखवतो. हा झाला डार्क. तो उष्म्याने वाढतो, म्हणून सकाळचा डार्क दुपारच्या मोजणीला चालत नाही. दुसरी पायरी पांढऱ्या प्रमाणाची. त्यासाठी जवळजवळ सगळा प्रकाश सगळ्या दिशांना परतवणारी खास टाइल वापरतात. ती ठेवून मोजणीचा वेळ असा ठरवायचा की, सर्वांत उंच आकडा यंत्राच्या कमाल मर्यादेच्या 85 टक्क्यांपर्यंत जावा, पण मर्यादेला भिडू नये. नंतर नमुन्याच्या आणि टाइलच्या आकड्यांतून डार्क वजा करून भागाकार करायचा. समजा, डार्क 1500, टाइलचा आकडा 51500 आणि गडद नेव्ही ब्लू कापडाचा 3000. डार्क वजा केला तर परावर्तन 3 टक्के निघते. न केला तर 5.8, म्हणजे जवळजवळ दुप्पट. फिकट गुलाबी कापडावर हीच चूक फारशी जाणवत नाही. काळा, वाइन, बॉटल ग्रीन या शेड्सवर मात्र ती सगळे माप बुडवते, आणि आलेख तरीही सफाईदारच दिसतो. चुकीचे माप देताना यंत्र अडखळत नाही. म्हणूनच त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणे धोक्याचे.

कॅलिब्रेशनचा गाभा आहे तो तरंगलांबीचा. ठिपका क्रमांक 900 म्हणजे किती नॅनोमीटर, हे यंत्राला कुणीतरी सांगावे लागते, आणि वाहतुकीतला धक्का किंवा तापमानातला फरक यांनी ते उत्तर सरकते. एखाद-दोन नॅनोमीटरने काय बिघडते, असे वाटू शकते. त्याचे उत्तर कोकणाजवळ आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता आणि त्या किल्ल्यावर ग्रहणाशी जोडलेले साहेबाचे कट्टे आजही दाखवतात. त्या ग्रहणात भारतातून निरीक्षण करणाऱ्यांना सूर्याच्या कडेच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली आणि ती सोडियमची असावी असे वाटले. सोडियमच्या जोडरेघा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर असतात. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून ही रेघ पाहून तिची जागा तपासली. ती सोडियमच्या जागी बसेना. ती 587.6 च्या आसपास होती. त्या दीड-दोन नॅनोमीटरच्या फरकातून हेलियम हे मूलद्रव्य ओळखले गेले, आणि पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना 1895 साली सापडले. तरंगलांबीच्या पट्टीचा ताळा नीट घातलेला नसता तर ती रेघ सोडियमच्या खात्यावर पडून राहिली असती. कापडाच्या बाबतीतही तेवढाच फरक बोलतो. एखाद्या लाल रंगाचे परावर्तन 580 ते 620 नॅनोमीटरच्या दरम्यान 10 टक्क्यांवरून 70 वर चढत असेल, तर पट्टी 2 नॅनोमीटर सरकली की त्या चढणीवर 3 टक्क्यांची चूक येते.

हा ताळा घालायला निसर्गाने पक्की प्रमाणे दिली आहेत. पारा-आर्गॉनच्या छोट्या दिव्याचा प्रकाश फायबरमध्ये सोडला की 404.66, 435.83, 546.07, 576.96 आणि 579.07 या पाऱ्याच्या रेघा उभ्या राहतात. पुढे तांबड्यात आणि त्यापलीकडे 696.54, 763.51, 811.53 या आर्गॉनच्या. दिवा थंड असताना आर्गॉन जोरात असतो. पारा तापेपर्यंत थांबावे लागते. प्रत्येक रेघेचा माथा कितव्या ठिपक्यावर आला ते टिपायचे आणि ठिपका व तरंगलांबी यांचे नाते तिसऱ्या घातापर्यंतच्या समीकरणात बसवायचे. रेघा दोन्ही टोकांपर्यंत पसरलेल्या हव्यात, आणि एखादी रेघ हिशेबाबाहेर ठेवून शेवटी समीकरण ती बरोबर सांगते का हे बघायचे. एक सावधगिरीही लागते: पाऱ्याची 365 ची रेघ ग्रेटिंगमुळे दुपटीवर, म्हणजे 730 ला, पुन्हा डोकावू शकते, तिला आर्गॉनची समजू नये. हा दिवा जवळ नसेल तर रोजच्या तपासणीपुरती जुनी ट्यूबलाइटही कामाला येते. तिच्यात पारा असतोच, म्हणून 435.8 आणि 546.1 च्या रेघा आपसूक मिळतात. इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमधला नारिंगी ठिपका निऑनचा, तो 585.2, 640.2 आणि 703.2 या रेघा देतो. अशा स्वस्तातल्या वस्तूंनी यंत्र जागेवर आहे की सरकले आहे हे रोज कळू शकते.

यावर पहिला आक्षेप असा की, पिढ्यान्‌पिढ्या रंगारी आणि दुकानदार नजरेनेच शेड जुळवत आले, मग हा खटाटोप कशाला? सरावलेली नजर दोन शेजारचे तुकडे फार बारकाईने पारखते, हे कबूलच करायला हवे. पण ती रंग लक्षात ठेवू शकत नाही, लागोपाठ दहा लाल साड्या पाहिल्यावर तिचा कल बदलतो, आणि तिचा निकाल दुसऱ्या गावी पाठवता येत नाही. मोबाइलचा कॅमेरा तर या कामात नजरेच्याही मागे आहे. तोही रंगाचे तीनच आकडे करतो आणि वर स्वतःहून उजेडाचा समतोल बदलतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साडी आणि ब्लाउज पीस एकाच यंत्रावर, एकाच वेळी मोजले तर पट्टी सरकलेली असली तरी चूक दोघांना सारखीच लागेल. मग इतक्या काटेकोरपणाची गरज काय? एका गल्ल्यापुरते हे पुष्कळसे खरे आहे. पण कापडाचा धंदा एका गल्ल्यावर थांबत नाही. शेड इथे पसंत होते आणि रंगते भिवंडीला, इचलकरंजीला किंवा सुरतेला. पुढच्या हंगामात तोच रंग पुन्हा मागवायचा असतो. आकडा गाव आणि वर्ष ओलांडू लागला की दोन्ही टोकांची यंत्रे एकाच प्रमाणाशी बांधलेली असावीच लागतात; नाहीतर लॉट परत येतो आणि दोघेही आपापला आलेख दाखवून आपणच बरोबर असल्याचे सांगतात.

तिसरा आक्षेप यंत्राच्या मर्यादांचा आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाँव साडी कोन बदलला की रंग बदलते. पैठणीच्या जरीवर एका कोनातले माप फारसे काही सांगत नाही. पांढऱ्या कापडाला लावलेले ब्राइटनर अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश सोडतात, त्यामुळे निळ्या भागात परावर्तन 100 टक्क्यांवर जाऊ शकते. आणि मोजणीच्या दिव्यात अतिनील नसेल तर तेच कापड मळकट निघते. पण या मर्यादांमुळे कॅलिब्रेशन निरर्थक ठरत नाही. उलट कोणता दिवा, कोणता कोन, कोणते प्रमाण हे मापाबरोबर लिहिणे त्यामुळे सक्तीचे होते. खर्चाचे म्हणाल तर प्रत्येक दुकानाने यंत्र घ्यावे असेही नाही. बाजाराने मिळून एक यंत्र ठेवले आणि हाकेच्या अंतरावर असलेल्या माटुंग्याच्या व्हीजेटीआय व रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या वस्त्रविद्येच्या विद्यार्थ्यांकडे त्याचा नियमित ताळा सोपवला, तर विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल आणि व्यापाऱ्याला भरवशाचा आकडा. शेडच्या प्रत्येक नोंदीशेजारी तारीख, दिव्याचा प्रकार व मोजणीचा कोन, डार्क आणि टाइल कधी घेतली, पाऱ्याच्या रेघा शेवटच्या कधी तपासल्या, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. मुद्रा नसलेल्या मीटरपट्टीने मोजलेले कापड आपण घेत नाही. रंगाच्या बाबतीतही ग्राहकाने आणि व्यापाऱ्याने हाच आग्रह धरायला हवा: आकडा दाखवणाऱ्याला आधी विचारावे, ताळा कधी घातला होता?