पालकवर्गांची पारख

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंद्यांच्या अमदानीपासून नांदणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी, मुलांना न मारता शिस्त कशी लावावी याचा वर्ग भरविला आणि अखेरीस पालकांनी संतोष प्रकट केला, एवढ्यावरून त्याच्या साफल्याचा निर्वाळा देणे गैरवाजवी होय. कारण इच्छुक कुटुंबे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागावीत, एकास वर्ग आज व दुसऱ्यास वर्षाने द्यावा, आणि दूध सांडताच आईचा हात उगारला जातो की फडके पुढे येते, हे दोन्हीकडे त्रयस्थाने नोंदवावे, तेव्हाच खरा फरक कळतो. अशा वर्गांच्या मुळाशी असलेला बालकाच्या सन्मानाचा आग्रह गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या नूतन बाल शिक्षण संघाने १९२६ पासून धरला. पालकवर्गांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशाच चाचण्या तपासून केली. ग्वाल्हेरच्या मंडळांनी हे वर्ग अवश्य भरवावेत, मात्र पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवावी.