नौकेवरील बिनतारी संपर्क

नौकेवरील बिनतारी संपर्क : दूरवरच्या सफरीवर जाणाऱ्या लहान नौकेस आंतरजाल, दूरध्वनी व लेखी संदेश यांची सेवा बिनतारी तरंगांद्वारे उपलब्ध करून देणारी योजना. तिचे मोबाइल, लघुतरंग व उपग्रह असे तीन प्रमुख प्रकार आहेत. यांपैकी कोणताही एक सर्वत्र पुरा पडत नाही. म्हणून परस्परांवर अवलंबून नसलेले निदान दोन मार्ग नौकेवर ठेवणे, हा विश्वसनीय संपर्काचा पाया मानतात.

किनाऱ्यालगतचा संपर्क : मुंबईत ठाकूरद्वार–गिरगाव भागालगतच्या समुद्रात नौकेस शहरातील मोबाइल मनोऱ्यांचे संकेत सहज मिळतात. नौका दूर गेली, की पृथ्वीच्या वक्रतेमुळे मनोरे क्षितिजाआड जातात. आकाशकाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळास ४·१२ ने गुणले असता त्याचे रेडिओ क्षितिज किमी.मध्ये मिळते. उदा., ४० मी. उंचीचा मनोरा व १५ मी. उंचीची डोलकाठी यांच्यासाठी ही अंतरे अनुक्रमे सु. २६ व १६ किमी. येतात, त्यांची बेरीज म्हणजे ४२ किमी. ही संपर्काची कमाल मर्यादा होय. प्रत्यक्ष पल्ला बहुधा याहून कमी असतो. आकाशक डोलकाठीच्या टोकावर बसवितात. तसेच लांब तारेत संकेत क्षीण होत असल्याने ग्राही आकाशकाच्या शक्य तितका जवळ ठेवतात.

खोल समुद्रातील संपर्क : लघुतरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किमी. जातात, परंतु त्यांवरून मजकूर अतिशय मंद गतीने जातो व वेळेनुसार योग्य कंप्रता बदलावी लागते. विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहांद्वारे विस्तृत क्षेत्रात सेवा मिळते. मात्र संकेताला वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागतो. इरिडियमचे उपग्रह सु. ७८० किमी. उंचीवरून फिरत असल्याने हा विलंब अल्प असतो व ध्रुवप्रदेशांतही संपर्क साधता येतो. वेगवान सेवेच्या आकाशकास सतत वीज लागते, म्हणून नौकेतील विद्युत् घटांची क्षमता आधी पाहावी लागते. भारतात परवानगीवाचून उपग्रह दूरध्वनी बाळगणे बेकायदेशीर आहे. जहाजे व विमाने यांवरील सेवेसंबंधी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले.

आपत्कालीन उपयोग : भारतीय नौसेनेचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी मुंबईहून निघून ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली (२००९–१०). अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून मुंबईहून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये एका जागतिक शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांच्या ‘थुरिया’ नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या व त्यांच्या पाठीस गंभीर इजा झाली. मुख्य उपग्रह दूरध्वनी निकामी झाला, तरी लेखी संदेश पाठविणारे छोटे उपकरण चालू राहिले. त्यावरून त्यांनी आपली अवस्था कळविली व २४ सप्टेंबर रोजी ‘ओझिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. संकटात वेगापेक्षा साधेपणा व अल्प वीज यांचे मोल अधिक ठरते, हे या घटनेवरून दिसते.

हेच तत्त्व मच्छीमारांसाठीही उपयुक्त आहे. मोबाइल जाळ्याबाहेर उपग्रहाद्वारे दुहेरी लघुसंदेश पाठविणारी उपकरणे एक लाख मासेमारी नौकांवर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.