जुन्या लॅपटॉपचें निदान आणि वॉरंटीचा कागद

घरांतला लॅपटॉप सहासात वर्षांचा झाला, कीं कुटुंबांत दोन तट पडतात. एक म्हणतो, तो आतां म्हातारा झाला, नवा घ्यावा. दुसरा म्हणतो, सुरू तर होतो आहे, मग खर्च कशाला? वाद रंगतो, परंतु दोघेहि त्या यंत्राला एकच वय आहे असें धरून चालतात आणि तेथेंच घोटाळा होतो. लॅपटॉप म्हणजे एक प्रकारचें एकत्र कुटुंब होय. त्यांतील प्रोसेसर दहा वर्षांनींहि बहुधा ठणठणीत असतो. बॅटरी तिसऱ्याचौथ्या वर्षींच थकूं लागते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क कोणत्या दिवशीं दगा देईल याचा नेम नसतो. आणि पंख्याच्या पात्यांवर धूळ तर पहिल्या महिन्यापासून बसत असते. यांपैकीं कोण थकला हें ओळखल्यावांचून नवें यंत्र घेणें काय किंवा जुन्यावर पैसे ओतणें काय, दोन्ही अंधारांतले व्यवहार ठरतात.

निदानापूर्वीं एक काम मात्र अवश्य उरकावें. वडिलांचीं छायाचित्रें, आयकराचीं कागदपत्रें, मुलीचा प्रबंध, जें कांहीं त्या यंत्रांत असेल त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी. डिस्क पुरती बंद पडल्यावर हेंच काम फार खर्चाचें होतें आणि पुष्कळदां साधतहि नाहीं.

सर्वांत सामान्य तक्रार मंदपणाची. तो दोन जातींचा असतो. पंधरावीस मिनिटें यंत्र नीट चालतें, नंतर पंखा घोंगावूं लागतो आणि काम रेंगाळतें, असा प्रकार असल्यास दोष उष्णतेचा समजावा. तापमान मर्यादेपलीकडे गेलें म्हणजे प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठीं आपला वेग आपण होऊन कमी करतो. पंख्याजवळची जाळी साफ करून प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप, ज्याला बाजारांत थर्मल पेस्ट म्हणतात, नवा लावला कीं हा ताप बहुधा उतरतो. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणारांच्या घरीं हा विकार हटकून आढळतो. हवा आंत शिरण्याची वाटच तेथें बुजलेली असते.

उलट, चालू करतांच यंत्र रखडत असेल, तर संशय हार्ड डिस्कवर घ्यावा. साधारण लॅपटॉपांतील तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखालीं येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा थांबावें लागतें, आणि तें टोक योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ निराळाच. अशा रीतीनें विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आंतबाहेरच वाचून होतात, आणि विंडोज सुरू होतांना तर असल्या हजारों नोंदी मागते. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें. तींत हेंच वाचन सेकंदाला हजारों वेळां होतें. जुन्या यंत्रावर एकच खर्च करावयाचा असेल, तर तो येथें करावा. अडीच इंची साटा डिस्कच्या जागीं त्याच आकाराची एसएसडी सरळ बसते. खात्रीसाठीं एक बिनखर्ची युक्तीहि आहे: पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावें. मग यंत्र हलकें वाटलें, तर दोष डिस्कचा किंवा तीवरील प्रणालीचा, मदरबोर्डचा नव्हे.

पुष्कळ खिडक्या एकदम उघडल्यावरच यंत्र अडत असेल, तर रॅम अपुरी आहे. मात्र डीडीआर३ च्या खाचेंत डीडीआर४ बसत नाहीं, आणि बऱ्याच सडपातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डला कायमची जोडलेली असते. पडदा काळा राहिल्यास केबलनें यंत्र दूरदर्शनसंचाला जोडावें. तेथें चित्र दिसलें, तर मदरबोर्ड जिवंत असून दुखणें पडद्याचें किंवा त्याच्या तारेचें आहे. बॅटरीच्या बाबतींत एक लक्षण गंभीर मानावें. ट्रॅकपॅड दबेनासा झाला किंवा तळवा टेकण्याची जागा उचलली गेली, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जर लावूं नये, ती दाबूं वा टोंचूं नये, केरांत टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

एक गोष्ट कोणत्याहि सुट्या भागानें सुधारत नाहीं. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व इंटेलचा बहुधा आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. याहून जुन्या यंत्रास चांगली एसएसडी बसवून त्यावर लिनक्स घालणें, हा पत्रव्यवहार व वाचन करणाऱ्या घरास पुरेसा मार्ग आहे.

आतां वॉरंटीविषयीं. स्क्रूला हात लावण्यापूर्वीं यंत्राच्या तळाशीं छापलेला सीरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून मुदत पाहावी. दुकानांत पडून राहिलेल्या यंत्राची मुदत तेथें कधीं कधीं खरेदीपूर्वींच सुरू झालेली दिसते. अशा वेळीं खरेदीचें बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घ्यावी लागते. बिलाची शाई उडते, म्हणून त्याचें छायाचित्र आधींच काढून ठेवणें बरें. पाणी वा चहा सांडल्यास साधी वॉरंटी लागू पडत नाहीं. आंत बसविलेल्या, ओलीनें रंग बदलणाऱ्या खुणा पाहून कारागीर तें ओळखतो, सबब लपविण्यांत अर्थ नसतो.

दुरुस्तीकेंद्रांत खरी लढाई शब्दांची असते. 'दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो' ही तक्रार तेथील कारकून 'स्लो' या एका शब्दांत नोंदवितो, मग कारागीर यंत्र सुरू करून पाहतो, तें चालतें, आणि 'दोष आढळला नाहीं' असा शेरा पडतो. तक्रार आपल्याच शब्दांत जॉबशीटवर लिहवून घ्यावी आणि दोषाचें चलच्चित्र फोनवर काढून न्यावें. वॉरंटींत बदललेली जुनी डिस्क कंपनी बहुधा स्वतःकडे ठेवते, हें पुष्कळांना परत येतांना कळतें. शिवाय नव्या विंडोज-यंत्रांतील डिस्क अनेकदां कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला कीं ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यांतून आधींच उतरवून घ्यावी. नाहीं तर यंत्र दुरुस्त होऊन येतें आणि छायाचित्रें मात्र आंतल्या आंत अडकून पडतात.

तोच दोष पुन्हां पुन्हां उद्भवला आणि केंद्र दाद देईना, तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. त्यानेंहि न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडे जातां येतें. ग्राहक जेथें राहतो तेथील आयोगाकडे अर्ज करतां येतो, वकील लागतोच असें नाहीं, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कहि नाहीं. मात्र तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज झाला पाहिजे. आणि तो दिवस कोणता, हें ठरतें तें जॉबशीटवरील तारखांवरून.