हळदीची परीक्षा : नळीत आणि पोटात

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी हे आमचे गाव. एका अंगाला भोसरीचे कारखाने, तर इंद्रायणी ओलांडली की दुसऱ्या अंगाला चाकणचे. रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा चालू असते. यातली कोणतीही एक मालमोटार डोळ्यांपुढे आणा. तिच्या टायरच्या रबरात एक रासायनिक पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. इंजिनातल्या तेलात त्याच कामासाठी दुसरा एक पदार्थ असतो. चालकाने वाटेत खायला घेतलेल्या फरसाणाच्या पुडीवर बारीक अक्षरांत कधीकधी ‘आयएनएस ३१९’ असे छापलेले आढळते, तो तिसरा पदार्थ. आणि चौथा? तो तर तुमच्या घरच्या मसाल्याच्या डब्यातच आहे. तो म्हणजे हळद!

रबर, तेल, फरसाण आणि हळद यांचे नाते काय, असे तुम्ही विचाराल. हे चारही पदार्थ एकाच शत्रूला आवरतात. तो शत्रू म्हणजे आपला नेहमीचा मित्र ऑक्सिजन.

ऑक्सिजनचा उपद्रव

बरेच दिवस राहिलेल्या शेंगदाण्यांना खवट वास येतो. जुन्या रबराला भेगा पडतात. ही ऑक्सिडीभवनाची कामे आहेत. त्यांत मोठा वाटा असतो ‘मुक्त मूलकां’चा. रेणूमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीजोडीने राहतात. एखाद्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय उरला, की तो रेणू मुक्त मूलक बनतो. असा रेणू स्वस्थ बसत नाही. तो शेजारच्या रेणूतून हायड्रोजनचा अणू किंवा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी मूलक बनतो, आणि तोही आपल्या शेजाऱ्यावर हात टाकतो. अशी साखळी एकदा सुरू झाली की तेलाचे असंख्य रेणू बिघडून जातात.

ही साखळी तोडणाऱ्या पदार्थाला प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. जाहिरातींत ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून झळकतो तो हाच. तो आपला हायड्रोजन आपण होऊन मूलकाला देऊन टाकतो. मूलकाची भूक भागते आणि साखळी तिथेच थांबते.

हळकुंडात काय काय असते?

ओली हळद शिजवून वाळवली की हळकुंडे तयार होतात. सांगलीच्या हळदीला तर २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशा १०० ग्रॅम हळकुंडांत साधारणपणे ६० ते ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. उरलेल्या भागात पाणी, प्रथिने, थोडी चरबी आणि हळदीला वास देणारे उडून जाणारे तेल असते. पिवळा रंग देणारा भाग फारच थोडा, साधारणपणे २ ते ५ ग्रॅम. त्यात तीन भावंडे असतात. त्यांतले थोरले आणि प्रमाणाने सर्वांत जास्त ते कर्क्युमिन.

कर्क्युमिन हळदीतून प्रथम वेगळे केले गेले १८१५ साली. त्याची रचना मात्र १९१० साली उलगडली. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. रेणुभार काढून पाहा : २५२ + २० + ९६ = ३६८. या रेणूच्या दोन टोकांना कार्बनची दोन षटकोनी कडी आहेत. ती सात कार्बन अणूंच्या साखळीने जोडलेली आहेत. प्रत्येक कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. तिला फिनॉल गट म्हणतात. इंजिनाच्या तेलात घालतात त्यांपैकी कित्येक पदार्थ आणि तो ‘३१९’ क्रमांकाचा पदार्थही फिनॉलच्याच कुळातले आहेत बरे!

हायड्रोजन देऊन टाकल्यावर कर्क्युमिन स्वतःच मूलक बनते. मग साखळी पुढे का चालू राहत नाही? कारण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन एका जागी अडकून न पडता मोठ्या रेणूभर पसरतो. त्यामुळे हे मूलक बरेच शांत असते, इतरांवर सहसा तुटून पडत नाही.

रंगावरून परीक्षा

एखाद्या वनस्पतीचा हा गुण मोजायचा कसा? इथे प्रकाशशास्त्र मदतीला येते. डीपीपीएच नावाचे एक मूलक बाटलीत साठवून ठेवता येते, इतके ते टिकाऊ आहे. मद्यार्कात विरघळवले की त्याचा द्राव गडद जांभळा दिसतो, कारण ५१७ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश तो शोषून घेतो. त्याला हायड्रोजन मिळाला की जांभळा रंग जाऊन द्राव फिकट पिवळा होतो.

समजा, सुरुवातीला उपकरणाने शोषणाचा आकडा ०.८० दाखवला आणि वनस्पतीचा अर्क घातल्यावर तो ०.२० झाला. म्हणजे ०.८० पैकी ०.६० नाहीसे झाले. चारांपैकी तीन मूलके शांत झाली, ७५ टक्के! औषधी वनस्पतींविषयी जे टक्के आपण वाचतो, त्यांतले बरेचसे अशाच परीक्षेतून आलेले असतात.

ट्रॉम्बेचा प्रयोग

कर्क्युमिनच्या रेणूतला नेमका कोणता हायड्रोजन हे काम करतो, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद होते. फिनॉल गटातला की मधल्या साखळीतला? मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ट्रॉम्बे येथे, डॉ. इंदिरा प्रियदर्शिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

त्यांची युक्ती मोठी सुंदर होती. त्यांनी कर्क्युमिनच्या जोडीला त्याचाच एक भाऊ घेतला. त्याच्यात बाकी सारे तसेच, पण दोन्ही फिनॉल गटांवर जणू टोपी बसवलेली, म्हणजे तिथला हायड्रोजन काढून त्या जागी कार्बनचा लहान गट लावलेला. दोघांना डीपीपीएचपुढे उभे केले, तेव्हा कर्क्युमिनचा वेग टोपीवाल्या भावाच्या सुमारे १८०० पट निघाला! दुसऱ्या प्रयोगात उंदरांच्या यकृतातील पेशींचे सूक्ष्म पटल घेऊन त्यांवर किरणोत्सर्गाचा मारा केला. त्यामुळे पटलांतील चरबीचे ऑक्सिडीभवन होते. कर्क्युमिनने ते ८२ टक्के रोखले, तेवढ्याच प्रमाणातील टोपीवाल्याने फक्त २४ टक्के. फिनॉल गट झाकला आणि बळ गेले. मात्र ते शून्यावर आले नाही, म्हणजे मधल्या साखळीचाही थोडा हातभार असावा.

पण पोटात काय होते?

इथवर वाचून एखादा म्हणेल, “मग रोज मूठभर हळद खावी की!” थांबा. नळीतल्या परीक्षेत मूलक आणि कर्क्युमिन यांची गाठ आपण घालून देतो. शरीरात ती गाठ पडली तर पाहिजे!

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून ते रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. एका चमच्यात ३ ग्रॅम हळद आणि तीत ३ टक्के कर्क्युमिन धरले, तर हे २२ चमचे हळदीतले कर्क्युमिन झाले. तरीही रक्तात ते सापडले नाही किंवा नाममात्र सापडले. मिऱ्यातील पिपेरीन सोबत दिल्यावर हे प्रमाण सुमारे २० पटींनी वाढले. पण नाममात्राची वीस पट म्हणजे काही फार नव्हे.

याचा अर्थ हळद निरुपयोगी आहे, असा नाही. अर्थ इतकाच, की रोग बरा होतो का, या प्रश्नाचे उत्तर जांभळ्या द्रावाकडून मिळत नाही. त्यासाठी रुग्णांवरच चाचणी घ्यावी लागते. कोणाला खरे औषध आणि कोणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली आहे, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही, अशी काटेकोर चाचणी. अमेरिकेतील काही रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली कर्क्युमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. अशा काटेकोर चाचणीत ते यशस्वी ठरलेले नाही, असे त्यांचे मत पडले.

फिनलंडमधला अनुभव तर डोळे उघडणारा आहे. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन हेही प्रतिऑक्सिडीकारकच. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांच्यापैकी काहींना रोज बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तो उलटाच. गोळ्या घेणाऱ्यांत हा रोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला! आपल्या शरीरात मूलके उपयोगीही पडतात. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ती वापरतात. तेव्हा भाजीतली हळद वेगळी आणि आजोबांसाठी जाहिरात पाहून आणलेली कर्क्युमिनची कुपी वेगळी. कुपीत मात्रा कितीतरी जास्त असते. इटलीत २०१९ साली हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचे आढळले होते. म्हणून अशी कुपी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

पुढच्या वेळी डब्यावर ‘अँटिऑक्सिडंट ९० टक्के’ असे काही वाचले, तर तीन प्रश्न विचारा. ही परीक्षा नळीत झाली की माणसांवर? किती मात्रा दिली होती? आणि तुलना कशाशी केली?

करून पाहा

एका काचेच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घ्या. जखमेवर लावायच्या आयोडीनयुक्त तपकिरी औषधाचे पाच थेंब त्यात टाका. आता लिंबाचा रस एकेक थेंब टाकत ढवळा आणि तपकिरी रंग जाईपर्यंत थेंब मोजा. लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देते, म्हणून रंग जातो. मग आवळ्याचा रस, दहा मिनिटे उकळलेला लिंबाचा रस आणि कालचा शिळा रस घेऊन हाच प्रयोग करा. दर वेळी पाणी आणि औषध तेवढेच घ्या, नाहीतर तुलना फसेल. हळद मात्र इथे चालणार नाही, तिचा स्वतःचाच रंग आड येतो. प्रयोग मोठ्या माणसांसमोर करा. पेल्यातला द्राव पिऊ नका, आणि कपड्यांवर डाग पडू देऊ नका.

थेंबांचे आकडे वहीत मांडा. कोणत्या रसाला कमी थेंब लागले, आणि उकळल्याने काय फरक पडला, याची कारणे मित्रांशी बोलून शोधा.